माजी विद्यार्थ्याचा फॉर्म

बारावीचा निकाल लागला की घरोघरी विचारणा सुरू होते, "इंजिनिअरिंग कॉलेज मान्यताप्राप्त आहे ना?" पालकांनो, प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता म्हणजे अभ्यासक्रम चालविण्याची परवानगी. दर्जा तपासते ते राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनबीए. परिषदेने ते १९९४ साली स्थापन केले. २०१० मध्ये ते स्वायत्त झाले. हे मानांकन कॉलेजला नव्हे, एकेका शाखेला मिळते, आणि तेही मुदतीचे. एकाच इमारतीत मेकॅनिकलला असेल, कॉम्प्युटरला नसेल. दादरला लागून माटुंग्यात असलेल्या, १८८७ साली सुरू झालेल्या व्हीजेटीआयसारखी नावाजलेली संस्था असली, तरी आपल्या शाखेचे मानांकन व त्याची मुदत मंडळाच्या यादीत पाहावीच. (परदेशी जाण्याचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवा: भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सभासद झाला, पण त्याचा लाभ 'टायर-वन' मानांकनाच्या शाखांनाच आहे.)

मानांकन मागणाऱ्या प्रत्येक शाखेला आपली शैक्षणिक उद्दिष्टे जाहीर करावी लागतात. पदवीनंतर चार-पाच वर्षांनी आमचा विद्यार्थी कामधंद्यात कुठवर पोहोचलेला असेल, हे त्यात लिहिलेले असते. म्हणजे आपण कर्ज काढून फी भरतो, त्या बदल्यात दिलेला हा लेखी शब्दच. तो पाळला गेला की नाही, हे परीक्षेच्या मार्कांवरून कळत नाही. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मालकांना प्रश्नावली पाठवतात.

घोळ होतो तो इथे. चांगल्या पगारावरचा मुलगा फॉर्म हौसेने भरतो. पदवी घेऊन घरोघर पार्सल पोचवणारा मात्र लाजेने तो बाजूला सारतो. एकीकडे त्याच्या कर्जाचे हप्ते चालूच असतात, आणि कागदावर सारी बॅच यशस्वी ठरते! लाज त्याने का बाळगावी? वर्कशॉपमध्ये मशीनला हात लावायला मिळाला नाही, मुलाखतीत चार वाक्ये धड बोलण्याची तयारी कुणी करून घेतली नाही, हे त्याच्याशिवाय सांगणार कोण? त्याच बाकांवर उद्या आपल्याच वस्तीतली मुलगी बसणार आहे.

तेव्हा घरात असा कुणी पदवीधर असेल तर त्याला फॉर्म भरायला लावा. पगार खरा लिहा, काम खरे लिहा. फॉर्म आलाच नसेल तर विभागप्रमुखांकडे पत्र देऊन मागा, आणि पत्राची पोच घ्या.