मुकं कोण होतं?

मित्रांनो, पुण्यात राहता आणि विधी महाविद्यालय रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आतून बघितलंय किती जणांनी? १९६४ साली सरकारनं काढलं, म्हंजे आपल्याच घामाच्या पैशातून. आपली पोरं म्हणतात, मूकपट म्हंजे देवादिकांचा कारभार, आपल्याला काय त्याचं? मी म्हणतो, बघा. डोळे फाडून बघा.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' घ्या. ३ मे १९१३, मुंबईचं कॉरोनेशन थिएटर. बाई मिळेना म्हणून तारामती झाला साळुंके, खानावळीत राबणारा गडी. मला राजापेक्षा तोच आवडतो. आता गोष्ट बघा. राजा काशीत डोंबाला विकला जातो, मसणात राबतो, नि सगळा देश रडतो. का? तर राजाला डोंबाचं काम करावं लागलं म्हणून! शेवटी देव येतो, राजाला राज्य परत मिळतं. डोंब मसणातच. त्याच्यासाठी कुणाचा रुमाल ओला झालाय?

आणि हे १९२० साल. ३१ जानेवारीला मुंबईत बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. त्याच साली पुण्यात मंडईजवळच्या आर्यन थिएटरात बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' लागला. टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. इकडे 'मूकनायक'ची जाहिरात, पैसे देऊनसुद्धा, 'केसरी'नं छापली नाही. पडद्यावरच्या मुक्याचं कौतुक. गावकुसाबाहेरचा मुका तोंड उघडतोय म्हटल्यावर दार बंद! दोन्ही मुक्यांना आधार दिला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. 'मूकनायक'ला तर अडीच हजार रुपये दिले. हे एका दमात सांगणारं सिनेमाचं पुस्तक मला अजून घावलं नाही.

पेंटरांवर माझा राग नाही. कॅमेरासुद्धा स्वतःच्या हातानं बनवणारा कारागीर माणूस. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. सावकार जमीन गिळतो, शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो. शेतकरी झाला होता शांताराम. देव नाही, चमत्कार नाही. आणि नेमका तोच आज बघायला मिळत नाही. देशात १३०० च्या आसपास मूकपट निघाले, त्यातले धड-अर्धे मिळून तीसेक उरले. नायट्रेटची फिल्म पेट घेते, सडते, चांदीसाठी वितळवतात. २००३ साली इथं पुण्यातच संग्रहालयाच्या गोदामाला आग लागून कितीतरी रिळं खाक झाली.

केरळातल्या पी. के. रोझीचं तर काहीच ठेवलं नाही. पहिल्या मल्याळी मूकपटाची, 'विगतकुमारन'ची नायिका. आपल्यातली बाई, पडद्यावर नायर बाई झाली. १९३० च्या आसपासची गोष्ट. सवर्ण प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले, तिचं घर जाळलं, तिला गाव सोडून पळावं लागलं. ती तर एक शब्दही बोलली नव्हती राव! नुस्तं डोळ्यांनी, हातांनी काम केलं होतं. तेवढंही सोसलं नाही.

कला कला म्हणतात ती हीच. बोलता येत नाही म्हणून सगळं अंगावर येतं. आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' बघा, १९२५ चा. मटणात किडे वळवळताहेत नि डॉक्टर म्हणतो खा. पुढं मेलेल्या खलाशाचं प्रेत धक्क्यावर ठेवलंय आणि माणसांची रांग संपता संपत नाही. मी गोदीत ओझी वाहतो. वाकलेली पाठ केव्हा ताठ होणार ते मला आधी कळतं, आणि ह्या पठ्ठ्यानं ते अचूक पकडलंय. एक तुकडा, त्याला दुसरा तुकडा ठोकला की तिसराच अर्थ उडतो. कवींनो, शिका.

पण हे शिकवणार कोण? एका शिबिरात गेलो, तर सगळं इंग्रजीत. मॅट्रिकच्या इंग्रजीवर तास काढला नि उठलो. मूकपट, तोही इंग्रजीतनं!

तेव्हा संग्रहालयाकडे मागणी करू. ताडीवाला रोड, बोपोडी, येरवडा, दांडेकर पूल, जिथं विहारात एक भिंत चुन्यानं पांढरी करता येईल तिथं मूकपट दाखवा. तेव्हाही थिएटरात पेटी-तबला वाजायचा, पाटी वाचता येत नाही त्याला शेजारचा मोठ्यानं वाचून दाखवायचा. आपल्याकडे जलसेवाले आहेत, ढोलकी आहे. हिमांशु रॉय बुद्ध झाले तो १९२५ चा 'प्रेम संन्यास' पहिल्या रात्री लावा, दुसऱ्या रात्री 'पोटेमकिन'. पाट्या मराठीत करायला मी तयार आहे. पेटी वाजवणारा कोण आहे, कळवा.