दुकानदाराची सुटी

शेवगावच्या बाजारपेठेत शटर खाली आले की पूर्वी व्यवहारही थांबत असे. आता मालकाच्या खिशातले व्हॉट्सअ‍ॅप चालूच असते. लग्नाच्या पंगतीतही तो भाव कळवीत बसतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कायद्याने दुकानेही आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावयास लावली. सक्तीने का होईना, मालकालाही विश्रांती मिळे. २०१७ च्या कायद्याने ते बंधन काढले आणि सुटी राखली ती नोकरांची. एकट्याने दुकान चालविणारा या हिशेबात कोठेच बसत नाही. त्याच्या श्रमाला पगार नाही, म्हणून जणू विश्रांतीलाही किंमत नाही!

वस्तुतः २०१८ साली आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ठरावीक वेळी आपोआप उत्तर धाडण्याची सोय आहे. ‘सोमवारपर्यंत दुकान बंद, मागणी लिहून ठेवा,’ एवढे पुरे. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मात्र खोटी नव्हे. समोरचा दुकानदार रात्री अकरालाही उत्तर देतो. म्हणूनच हा निर्णय एकट्याने घेण्याजोगा नाही. व्यापाऱ्यांनी एकत्र बसून सुटीचे वार ठरवावेत, आणि त्या दिवशी मोबाईलवरचे दुकानही बंद धरावे.