नाव छापलं, पण चवीचं काय?

सुट्टी लागली की प्रवासाचं पुस्तक उघडून ‘कोल्हापुरात कुठे जेवावं?’ हे आधी शोधलं जातं. यादीत नाव आलं की त्या हॉटेलसमोर रांग लागलीच म्हणून समजा! पण त्या मानाला ते खरंच लायक असतं का?

फ्रान्समधल्या मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली अशी पुस्तिका काढली. लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात, हा हेतू. पण तिचे परीक्षक ओळख न देता जेवतात आणि बिलही भरतात. आपल्याकडे यादी करणाऱ्यांनी निदान एवढं तरी पाळावं.

पाहुण्यांसाठी नुसता तिखटजाळ केलेला तांबडा रस्सा म्हणजे कोल्हापूर नव्हे. मटणाचं पाणी आणि नारळाचं दूध घालून केलेला पांढरा रस्सा जमायला हात बसलेला लागतो. तो हात कितीदा तरी साध्या खानावळीतल्या एखाद्या मावशींचा असतो. तिथे धड पाटीही नसते, मग यादीत नाव येणार कुठून?

आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे का, हा रकाना तर हवाच हवा.

मैत्रिणींनो, पुस्तक जरूर बघा, पण गावात उतरल्यावर भाजीवाल्या मावशींना विचारा, “तुमच्याकडचे लोक कुठं जेवतात?”