पिलाची किंमत आणि पालनाचे मोल

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. परंतु मोल नाही याचा अर्थ खर्च नाही असा होत नाही. तो मोजण्याची आपली तयारी नसते, एवढाच होतो. आणि जो खर्च मोजला जात नाही, तोही कोणाला तरी भरावा लागतोच. मध्यमवर्गीय घरांतून आज दिसणाऱ्या लहान चणीच्या, केसाळ, कापसाच्या गोळ्यासारख्या कुत्र्यांच्या बाबतीत हे विशेष स्पष्टपणे दिसून येते.

कुत्रा मराठी माणसाला नवा नाही. खंडोबाच्या सोबत तो आहे, दत्तात्रेयांच्या पायाशी तो आहे आणि खेड्यातल्या उंबऱ्यापाशी तर तो पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. परंतु हा कुत्रा दाराबाहेरचा. राखण हे त्याचे काम, उरलीसुरली भाकरी हे त्याचे वेतन आणि बाकीचा दिवस त्याचा स्वतःचा. दोन खोल्यांच्या सदनिकेत वाढणाऱ्या पॉमेरेनियनचे किंवा शिह त्झूचे स्थान सर्वस्वी निराळे आहे. शिह त्झू हा तिबेटी वंशाचा, चिनी राजवाड्यात लाडावलेला प्राणी. पॉमेरेनियनचे नाव बाल्टिक किनाऱ्यावरील पॉमेरेनिया प्रांतावरून पडले आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने इटलीत असा कुत्रा पसंत केल्यानंतर त्याच्या अधिकाधिक लहान चणीला मागणी आली. आपण ज्याला सरसकट ‘पॉम’ म्हणतो तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफीमुळे तो घरोघरी ओळखीचा झाला. माणसाला सोबत करणे हेच या जातींचे मुख्य काम. म्हणूनच माणसाची सोबत ही त्यांची गरजही आहे.

खरेदीची रक्कम हा पहिला हप्ता

अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही भांडवली खर्च आणि चालू खर्च यांत फरक करतो. पिलू घेताना मात्र सुशिक्षित माणसेही केवळ त्याची किंमत विचारतात. ही किंमत एकदाच द्यावयाची असते. पालन बारा ते पंधरा वर्षे करावयाचे असते. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ असे आपण थट्टेने म्हणतो. येथे ते प्रमाण याहूनही विषम आहे.

ज्या केसांवर मन भाळते, तेच केस सर्वांत अधिक कष्ट मागतात. शिह त्झूचे केस माणसाच्या केसांप्रमाणे वाढत राहतात. ते रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात, जटांखाली ओल धरते आणि कातडीला जखमा होतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. तेव्हा गोचिडी आणि त्वचारोग यांची भर पडते. पॉमेरेनियनची लव दुहेरी असते, ती वर्षभर गळते. उन्हाळ्यात ती मुळापासून भादरली म्हणजे कुत्र्याला थंडावा मिळतो ही समजूत चुकीची आहे. वरची लव उन्हापासून त्याचे रक्षणच करीत असते. शिह त्झूचे नाक आखूड. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. आखूड नाकामुळे तेही नीट साधत नाही. वैशाखातल्या दुपारी नागपूर-अकोल्याकडे अशा प्राण्याला फिरावयास नेणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ होय.

लहान चणीचे म्हणून काही विकारही असतात. गुडघ्याची वाटी सरकते, एवढ्याशा जबड्यात दातांची गर्दी होऊन हिरड्या सडतात, श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याचा हिसका सोसत नाही. आपल्या स्वयंपाकघरातील कांदा, लसूण आणि मनुका हे पदार्थ त्याला विषासमान आहेत, म्हणून ताटातले उरलेले त्याच्यापुढे सरकविण्याची जुनी रीतही चालत नाही. शिवाय पार्व्हो व रेबीज यांच्या लसी, महानगरपालिकेचा परवाना आणि वैद्याचे शुल्क आहेच.

वेळ कोणाचा?

परंतु पैशाचा खर्च हा एकूण खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग वेळेचा आहे. दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटे कुत्र्याला बाहेर न्यावयाचे म्हटले तर रोजचा एक तास होतो. तेरा वर्षांचे ४,७४५ तास; आठ तासांचा दिवस धरला तर सुमारे ५९३ दिवस, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची नोकरी. विंचरणे, न्हाऊ घालणे, फरशी पुसणे आणि आजारपण यांचा वेळ यात धरलेला नाही.

हा वेळ देतो कोण, हा खरा प्रश्न आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री त्या विनावेतन कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते. घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. कुत्रा आणण्याचा हट्ट मुलांचा असतो, परवानगी वडिलांची असते आणि नव्याचे नऊ दिवस सरले की पहाटेचा साखळदंड आईच्या अथवा निवृत्त आजोबांच्या हाती येतो. जिच्या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही, तिच्या खात्यावर आणखी एक तास विनाचर्चा लिहिला जातो.

आणि जेथे आईही नोकरीला जाते, तेथे हा खर्च प्रत्यक्ष कुत्राच भरतो. बदलापूर किंवा विरारहून पती-पत्नी सकाळी लोकल गाठतात आणि रात्री परततात. सोबतीसाठीच पैदा केलेला जीव दहा-बारा तास कुलूपबंद घरात राहतो. मग तो भुंकतो, दार ओरबाडतो, आणि शेजारी तक्रार करतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही, हे योग्यच आहे. परंतु हक्काचा दाखला देणाऱ्याने जिन्यातली घाण उचलण्याचे कर्तव्यही पाळले पाहिजे. गणपतीला गावी निघताना अडचण पुन्हा उभी राहते. रेल्वेत कुत्र्याला आपल्याजवळ ठेवावयाचे तर पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कक्ष राखून ठेवावा लागतो. एरवी त्याची रवानगी गार्डच्या डब्यातील पेटीत होते. अधिकांश कुटुंबांना यांतील पहिले परवडत नाही आणि दुसरे बघवत नाही.

बाजार आणि कायदा

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात अशी स्थिती असेल तर हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. पिलांचा बाजार याच जातीचा आहे. टोपलीतले पिलू सर्वांना दिसते. त्याची आई कोणत्या पिंजऱ्यात आहे हे कोणी विचारीत नाही. २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनी पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांहून लहान पिलाची विक्री निषिद्ध ठरविली. परंतु ग्राहकच जितके इवले तितके गोजिरे या न्यायाने पिलू निवडू लागला, तर नियम कागदावर राहतो आणि आईपासून अवेळी तोडलेले, दुबळे पिलू घरी येते.

ज्यांना हा भार पेलत नाही, त्यांतील काही जण एके दिवशी कुत्र्याला दूरच्या रस्त्यावर सोडून देतात. केसांच्या जटा झालेला, रस्त्यावर अन्न शोधण्याची सवय नसलेला असा प्राणी तेथे फार काळ तग धरीत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे; पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! १९६० साली ही रक्कम काही अंशी जरब बसविणारी असेल. पुढे साठ वर्षांहून अधिक काळ ती तशीच राहिली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने कडक शिक्षेच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यावरून दोष सरकारलाही मान्य आहे हे उघड होते. पाळण्याचा खर्च हजारोंचा आणि टाकण्याचा पन्नासाचा, अशी व्यवस्था बेजबाबदारपणाला जणू अनुदानच देते.

याचा अर्थ कुत्रा पाळू नये असा नाही. एकाकी वृद्धाला त्याच्यामुळे बोलावयास कोणी तरी मिळते, एकुलत्या मुलाला दुसऱ्याची भूक आपल्याआधी ओळखण्याचे शिक्षण मिळते. या लाभांना बाजारभाव नाही. परंतु फ्रीज बिघडला तर विकता येतो, नवे यंत्र घेता येते. येथे करार एका जिवाशी आहे आणि तो एकाच बाजूला वाचता येतो. म्हणून वाचणाऱ्याची जबाबदारी दुप्पट.

ज्यांच्या घरी या विषयाची चर्चा चालू असेल त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. पिलू आणण्यापूर्वी महिनाभर, कुत्र्याशिवायच, घरातील ज्याने हमी दिली त्याने रोज तीनदा वीस मिनिटे बाहेर फिरून यावे. पावसात, परीक्षेत आणि रविवारीसुद्धा. महिना पुरा झाला तर नोंदणी असलेल्या ठिकाणी जाऊन पिलाबरोबर त्याची आईही पाहावी, किंवा निवाऱ्यातील एखादा गावठी कुत्रा घरी आणावा. आपल्या हवेत तो अधिक सुखाने नांदतो. महिना पुरा झाला नाही, तर एक जीव वाचला असे समजावे. खंडोबाच्या दर्शनाला निघणाऱ्यांनाही आपल्या पूर्वजांनी बजावून ठेवले आहे : आधी शिदोरी, मग जेजुरी.