आयकॉन रुसतो तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या संगणकांसाठी लिनक्स हा चांगला आणि मोफत पर्याय आहे. पण नव्याने लिनक्सकडे वळलेल्यांची एक तक्रार हमखास असते. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर दोनदा क्लिक केले, तरी काहीच उघडत नाही आणि चूक सांगणारी पाटीही येत नाही.

अशा वेळी दोन उपाय सर्रास होतात. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले जाते. नाहीतर कुणीतरी सुचवलेली ‘सीएचमॉड ७७७’ ही आज्ञा देऊन सर्वांना सर्व परवानग्या बहाल केल्या जातात. ताप आला की तपासणीआधीच अँटिबायोटिक घेण्यातला हा प्रकार. कधी गुण येतो, पण आजार कळत नाही आणि दुष्परिणाम मागे राहतात.

निदानासाठी आधी रचना माहीत हवी. आयकॉन म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. ती ‘डॉट डेस्कटॉप’ने संपणारी मजकुराची छोटी फाइल असते. तिच्यात नाव, चित्र आणि काय चालवायचे ते सांगणारी ‘एक्झेक’ ही ओळ असते. म्हणून तपासणी तीन पायऱ्यांत करावी.

पहिली पायरी, या ओळीतली आज्ञा टर्मिनलमध्ये टाइप करून पाहणे. तिथेही सॉफ्टवेअर चालले नाही, तर दोष बहुधा आयकॉनच्या पलीकडे आहे. फाइल सापडत नाही की एखादी लायब्ररी नाही, हे टर्मिनल सहसा सांगतो.

दुसरी पायरी, आज्ञा टर्मिनलमध्ये चालते पण आयकॉनवरून नाही, तर ‘एक्झेक’ची ओळ वाचणे. होम फोल्डरसाठीची ‘टिल्ड’ ही नागमोडी खूण टर्मिनलला कळते, या ओळीत ती चालत नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, तर पत्ता अवतरणचिन्हांत हवा. टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या काही सेटिंग आयकॉनला मिळत नाहीत. म्हणून स्लॅशपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहिणे उत्तम. नवी आवृत्ती घेताना फाइलचे नाव बदलले असेल, तर जुना पत्ता निकामी होतो. रुग्णाला विचारतात तसे इथेही विचारावे: बंद पडण्याआधी काय बदलले होते?

तिसरी पायरी परवानगीची. उबंटूत अशा आयकॉनवर उजवे क्लिक करून ‘अलाऊ लाँचिंग’ निवडावे लागते. अनेकांना ही कटकट वाटते, पण तिला कारण आहे. ही छोटी फाइल कोणतीही आज्ञा चालवू शकते आणि चित्र मात्र साध्या दस्तऐवजाचे दाखवू शकते. ग्नोमच्या फाइल मॅनेजरमधला असा फसवणुकीचा धोका २०१७ मध्ये नोंदवला गेला आणि त्यानंतर विश्वासाची ही अट आली. म्हणून फाइल कुठून आली हे माहीत असेल, तरच परवानगी द्यावी. ज्या संगणकावर रुग्णांच्या नोंदी आहेत, तिथे ‘सर्वांना सर्व मुभा’ म्हणजे औषधांच्या कपाटाला कुलूपच न लावणे.

दोष केवळ वापरणाऱ्याचा नाही. काहीच न बोलता बंद पडणारा आयकॉन हा रचनेतलाही दोष आहे. बिघाडाचे कारण पडद्यावर दिसायलाच हवे. तोवर जबाबदारी लिनक्स बसवून देणाऱ्याची. दवाखान्यात नोंदणीचा आयकॉन उघडला नाही, तर खोळंबतो तो रांगेतला रुग्ण. संगणक सोपवताना या तीन पायऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याला हाताने करून दाखवाव्यात आणि रोजच्या सॉफ्टवेअरची आज्ञा कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवावी. आयकॉन रुसला, तरी त्या आज्ञेने पुष्कळदा काम सुरू ठेवता येते.