बाळाची खोली

आमची कन्या पहिल्या बाळंतपणाकरिता माहेरी येणार असे ठरल्यावर घरात जो विचार सुरू झाला, तो काय काय आणावयाचे याचा. चिरंजीवांनी रंगाचे डबे, प्लॅस्टिकची खेळणी, गुबगुबीत उशा अशी लांबलचक यादी केली. आम्हांस मात्र चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय आठवला. कुमारागार रम्य व उजेडाचे असावे, वाऱ्याचा झोत अंगावर न येता एका बाजूने हवा खेळती राहावी, उंदीर-डासांचा उपद्रव नसावा, असे आचार्य तेथे सांगतात.

या कसोटीस घरातील एकच खोली उतरत होती, आणि ती आमची! पस्तीस वर्षांच्या अध्यापनाचा संचय, म्हणजे जुनी मासिके, टिपणांच्या वह्या व दोन ट्रंका, तीत होता. पुस्तकांस कसर लागलेली. धुळीविषयी तर बोलावयासच नको. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांस ते ठाऊकच आहे. एकीकडे फौंड्र्या, दुसरीकडे पुणे-बंगळूर महामार्ग. सकाळी पुसलेली खिडकी सायंकाळी पुन्हा काळवंडते. खोली रिकामी करताना आम्हांस काय वाटले ते लिहीत नाही. चार दिवस सौभाग्यवतींनी पुस्तकांचा विषय काढला नाही, एवढे पुरे.

तैलरंगाचा बेत सोडून भिंतींस चुना दिला, तोही दीड महिना आधी, म्हणजे ओल राहू नये. (घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घातली, परंतु त्यापूर्वीच्या रंगाचे पापुद्रे सुटत असल्यास ते कोरडे खरवडू नयेत. शिशाची धूळ अर्भकास फार बाधते.) सुती लुगड्यांची दुपटी झाली, आमच्या दोन धोतरांची बाळुती. चिरंजीव फौंड्रीत नोकरीस. त्यांनी कामाचे कपडे बाहेर उतरवून, हातपाय धुऊनच या खोलीत यावे असे ठरले. मोहरीची उशी मात्र वगळली; तान्ह्या बाळास उशीवाचून, सपाट अंथरुणावर उताणे निजवावे, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

खरा वाद झाला तो धुरीवरून. डॉक्टर म्हणतात, बाळाजवळ धूर नको. आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "धुरीवाचून कुठे बाळ वाढते काय?" आम्ही पोथी उघडली. जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड ही धूपनाची द्रव्ये तेथे आहेत खरी. पण धूपन कोणाचे? वस्त्रांचे, अंथरुणाचे, पांघरुणाचे. त्या वचनात बालकाचा उल्लेख नाही.

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे इतकी वर्षे का नाही सांगितलेत?"

यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ही पोथी तेव्हाही घरात होती, आणि आमच्या तिन्ही मुलांस दारे लावून धुरी दिली होती. धाकट्याचा वर्षभराचा खोकला त्या वेळी आठवला. तो धुराचाच होता असे म्हणवत नाही, नव्हता असेही म्हणवत नाही.

आता वहिनी परसात शेगडी ठेवून दुपट्यांस धुरी देतात, व उन्हात वाळवून घडी घालतात. कन्या पुढील आठवड्यात येईल. ट्रंका जिन्याखाली आहेत.