मनीच्या वाटीतला रस्सा

(द्वितीय वर्ष, कला)

'मांजर डोळे मिटून दूध पिते' अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या म्हणीत मांजर लबाड ठरते. पण अलीकडे मला वाटू लागले आहे, की खरे डोळे मिटलेले असतात ते त्याला वाढणाऱ्या आपल्यासारख्या माणसांचे. वार्षिकात दुष्काळावर लिही, हुंड्यावर लिही, मांजरावर काय लिहायचे, असे माझ्या मैत्रिणी म्हणाल्या. तरीही लिहिते आहे, कारण हा प्रश्न मांजरापुरता नाही.

आमची वस्ती मिरजगावजवळच. धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून घरात मांजर असतेच. आमच्या मनीच्या वाटीत आई रोज संध्याकाळी भाकरी कुस्करायची आणि वरून कालवणाचा रस्सा ओतायची. आमच्याकडे कालवण म्हटले की कांदा-लसणाचे वाटण आलेच. गेल्या वर्षी उन्हाळी कांदा काढला, त्या दिवसांत तर चुलीवर दुसरे काही नसेच. त्याच सुमारास मनी मलूल झाली. खाईना, उठेना. तोंड उघडले तर हिरड्या पांढऱ्याफटक. कोपऱ्यात केलेली लघवी तांबडी-काळी दिसली. चौथ्या दिवशी ती कांद्याच्या ढिगामागे मरून पडलेली सापडली. "काहीतरी चावलं असंल," असे म्हणून आम्ही विषय संपवला.

पुढे शेळीच्या औषधासाठी पशुवैद्यांकडे गेले असताना मी सहज मनीची हकिकत सांगितली. त्यांनी एकच विचारले, "खायला काय देत होता?" मी सांगितले, आणि मग जे ऐकले व नंतर वाचून काढले, ते असे.

ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, त्यांच्याच कुळातील द्रव्ये मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. मांजराचे हिमोग्लोबिन इतर प्राण्यांच्या मानाने लवकर बिघडते. वजनाच्या दर किलोला अवघा पाच ग्रॅम कांदा त्रासाला पुरेसा होतो. म्हणजे तीन किलोच्या मांजराला पंधरा ग्रॅम, जेमतेम एक मोठी फोड. शिजवल्याने वा वाळवल्याने हा दोष जात नाही. लसूण तर कांद्याहून कडक. खुणा लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. म्हणून संशय कालवणावर जात नाही, विंचवा-सापावर जातो.

यादी एवढ्यावर थांबत नाही. चॉकलेट, चहा व कॉफी यांतील उत्तेजक द्रव्ये मांजराच्या हृदयाला झेपत नाहीत. द्राक्षे-मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. मांजरालाही ती देऊ नयेत असाच सल्ला आहे. ज्या दुधावर आपली म्हण उभी आहे, ते दूधसुद्धा पुष्कळशा मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. आणि खाण्याचे नसले तरी सांगितले पाहिजे: तापावरची आपली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. मांजर मुळात मांसाहारी. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळते. ते न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते. नुसत्या भाकरीवर मांजर जगत नाही.

यावर कोणी म्हणेल, आजवर गावातली मांजरे उष्ट्यावरच जगली की! खरे आहे, पण ती उष्ट्यावर नव्हे, उंदरांवर जगली. उष्टे हा वरचा घास होता. आता धान्य पत्र्याच्या कोठीत गेले, उंदरांना विषारी गोळ्या आल्या, आणि मांजर आपल्या ताटावर अवलंबून राहिले. शिवाय मेलेल्या मांजरांचा हिशेब कोणी ठेवला आहे? 'गेली कुठंतरी' एवढीच नोंद असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जिथे माणसाच्या ताटाची चिंता, तिथे मांजराच्या ताटाचे कौतुक कशाला? माझे उत्तर असे, की यात एक पैसा लागत नाही. फोडणी आणि वाटण घालण्याआधी मटणाचा उकडलेला एखादा तुकडा किंवा थोडे अंडे बाजूला काढायचे, एवढेच. ज्या घरात माळ आहे, तिथे मनीला तिची शिकार करू द्यावी आणि निदान कांद्याचा रस्सा तरी घालू नये.

राज्यशास्त्राच्या पेपरासाठी आपण मूलभूत कर्तव्ये पाठ करतो. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती आली आणि सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांतील एका कलमात आहे. मलाही ते पाठ होते. पण दया आमच्या घरात त्याआधीपासून होती. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवरायांची गोष्ट आईनेच मला सांगितली आहे. तिच्या मायेत काही उणे नव्हते. उणी होती ती माहिती, आणि ती घरात आणण्याचे काम माझे होते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच.

ते काम सोपे नाही, हे मात्र मला त्या संध्याकाळी कळले. मी सगळे सांगितल्यावर आई बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मीच मारली का गं तिला?" मनीला कोणी तपासले नव्हते, ती कांद्यानेच गेली हे मी सिद्ध करू शकत नाही. मी तसे म्हणाले. पण त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते. शिकलेल्या मुलीने अडाणी आईला चूक दाखवावी, यात मला मोठेपणा वाटला नाही. माहिती आईच्या हाताला उपयोगी पडावी, तिच्या काळजाला टोचू नये, अशी ती सांगता आली पाहिजे. आपल्या शिक्षणात याचा तास कुठेच नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या वस्तीवरून एक पिलू आमच्याकडे आले. परवा मी घरी गेले, तेव्हा शेजारची काकू त्याच्या वाटीत रस्सा ओतत होती. आई आतूनच ओरडली, "कांद्याचं नगं घालू त्याला! रगात फुटतं त्याचं." मी काहीच बोलले नाही. बोलण्याची गरजच उरली नव्हती.